सैबेरियाच्या वाऱ्याचं वेळापत्रक

निसेकोच्या सहलीची आखणी सुरू केली तेव्हा मी सगळ्यात आधी जपानच्या समुद्राचा नकाशा उघडला. तिकिटं, हॉटेलं, व्हिसा हे सगळं त्यानंतर. निसेको हे स्कीइंगचं ठिकाण होक्काइडोत आहे, आणि होक्काइडो हे जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट. त्याच्या पश्चिमेला जपानचा समुद्र आणि समुद्रापलीकडे आशियाचा थंडगार भूभाग. हिवाळ्यात सैबेरियावर थंड, जड हवा साचते आणि तिथून वारा आग्नेयेकडे सुटतो. निघताना तो कोरडाठाक असतो. पण जपानच्या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह येतो, त्यामुळे भर जानेवारीतही होक्काइडोच्या या बाजूचं पाणी गोठत नाही. त्या पाण्यावरून येता येता वारा बाष्प उचलतो, ढगांच्या लांबच लांब रांगा लागतात आणि किनाऱ्यालगतचे डोंगर आडवे आले की सगळं ओझं तिथेच उतरतं. जून महिन्यात आपल्याकडे सह्याद्री जे काम करतो तेच इथे जानेवारीत होतं. फक्त पावसाच्या जागी बर्फ.

हे डोंगर उंच असतील असं वाटतं, पण तसं नाही. निसेको-आन्नुपुरीची उंची १३०८ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाएवढीच. अक्षांश फ्रान्समधल्या मार्सेच्या जवळपासचा. पायथा तर समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटरवर. आल्प्समध्ये एवढ्या उंचीवर हिवाळ्यात कित्येकदा चिखल दिसतो. इथे एका मोसमात साधारण पंधरा मीटर बर्फ पडतो. उंची कमी, म्हणून दम लागत नाही, डोकं दुखत नाही, पहिल्याच दिवशी उतारावर जाता येतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ही फार मोठी सोय आहे.

आणि तो बर्फही निराळा. पुष्कळ पडणं वेगळं आणि असा कोरडा, हलका पडणं वेगळं. हे ज्यांनी उकलून दाखवलं ते उकिचिरो नाकाया होक्काइडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी हजारो हिमस्फटिकांचे फोटो घेतले आणि १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार केला. तो धरायला त्यांना काही केल्या योग्य धागा मिळेना. शेवटी सशाच्या केसाच्या टोकावर तो वाढला. कोणत्या तापमानाला, किती बाष्प असताना स्फटिक कोणता आकार घेतो, हे त्यांनी एका आलेखात मांडलं. उणे पंधरा अंशांच्या आसपास, हवेत भरपूर बाष्प असेल तर सहा फांद्यांचे, फांद्यांना पुन्हा बारीक फांद्या फुटलेले तारे तयार होतात. हे तारे एकमेकांवर पडतात तेव्हा दाबून बसत नाहीत, मध्ये हवा राहते. स्कीइंग करणारे जिला पावडर म्हणतात ती हीच. मुठीत घेऊन गोळा करायला गेलं तर होत नाही. हातमोज्यावर घेऊन फुंकर मारली तर उडून जाते.

वारा आणि तापमान हे एकदा समजलं की तारखा आपोआप ठरतात. आपल्याकडे बहुतेक सहली शाळेच्या सुट्ट्यांवरून, नाहीतर ऑफिसच्या रजेवरून ठरतात. पावडरसाठी एवढा पैसा खर्च करणार असू तर आधी वाऱ्याचं वेळापत्रक बघावं आणि रजा त्याप्रमाणे मागावी, असं माझं ठाम मत आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला लिफ्ट चालू होतात खऱ्या, पण तेव्हा जमिनीवरचा बांबूचा ठेंगणा पाला नीट झाकलेला नसतो. मार्चमध्ये ऊन पडतं, समोरचा योतेइ डोंगर दिवस-दिवस दिसतो, गर्दीही कमी, पण दुपारी बर्फ ओला होऊन जड पडतो. भरवशाचा काळ जानेवारी आणि फेब्रुवारीची सुरुवात.

त्यातही दोन खड्डे टाळायचे होते. माझा भाचा टोकियोत निशी-कासाइला राहतो. तिथे आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्याच्या इमारतीत गणपतीला मोदक मिळतात. तो फोनवर म्हणाला, "मावशी, तीन जानेवारीपर्यंत अजिबात येऊ नकोस. अख्खा जपान सुट्टीवर असतो."

"मग फेब्रुवारीत?"

"आधी चिनी नववर्ष कधी आहे ते बघ. ते दरवर्षी सरकतं. त्या आठवड्यात खोल्यांचे दर ऐकूनच परत जाशील."

चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं. शिवाय फेब्रुवारीच्या सुरुवातीला सप्पोरोत हिमोत्सव असतो. १९५० साली शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत बर्फाचे पुतळे केले तेव्हापासून चालत आलेला. बघण्यासारखाच, पण त्या दिवसांत विमानात आणि हॉटेलात जागा मिळणं अवघड. म्हणून आम्ही जानेवारीचा मधला काळ पक्का केला. बर्फ सर्वांत हुकमी आणि त्यातल्या त्यात दरही सोसण्यासारखे. निसेकोत हे बुकिंग आदल्या उन्हाळ्यातच करायला हवं. खोलीपेक्षाही आधी शिक्षक संपतात, हे विशेष लक्षात ठेवावं.

शिकवणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आखणी करताना सगळे लोक इथेच हात आखडता घेतात. मी आणि नवरा, आम्ही दोघं स्कीइंग शिकलो औलीला, गढवाल मंडळ विकास निगमाच्या कोर्समध्ये. तिथे दाबलेल्या, घट्ट बर्फावर पाय बसले होते. व्ही आकार करून थांबता येत होतं, वळता येत होतं. एवढं येत असेल तरच निसेकोला जाण्यात अर्थ आहे. अगदी नवख्या माणसाने आधी औलीला किंवा गुलमर्गला एखादा कोर्स करावा, म्हणजे महागातले दिवस उभं राहायला शिकण्यात जात नाहीत. तयारी म्हणून आम्ही पावसाळ्यानंतर दर रविवारी सिंहगड चढायचो आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरायचो. स्कीइंगला लागणारे मांड्यांचे स्नायू उतरतानाच तयार होतात. भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचा व्यायाम रोज संध्याकाळी. दोन मिनिटं टिकलो तेव्हा तिकिटं काढली.

राहायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. एकाच डोंगराच्या अंगावर चार रिसॉर्ट आहेत : हानाझोनो, ग्रँड हिराफू, निसेको व्हिलेज आणि आन्नुपुरी. चारही रिसॉर्टचा मिळून एक पास मिळतो. कार्ड खिशात ठेवायचं, फाटक आपोआप उघडतं. वरच्या लिफ्ट चालू असतील तर माथ्याजवळून आडवं जात एका रिसॉर्टमधून दुसऱ्यात उतरता येतं, नाहीतर पायथ्याने बस आहेच. हिराफू हे गाव म्हणजे गजबज. १९६१ साली पहिली लिफ्ट तिथे लागली, रात्री दिव्यांच्या उजेडात स्कीइंग चालतं, खाण्यापिण्याच्या जागा पावलोपावली. तरुण मंडळींनी तिथेच राहावं. आम्ही आन्नुपुरीच्या बाजूला राहिलो. उतार रुंद आणि सौम्य, झोपायला शांतता आणि गरम पाण्याचे झरे चालत जाण्याच्या अंतरावर. एक वयस्क जोडपं चालवतं असं घरगुती पेन्शन, म्हणजे छोटं अतिथिगृह, मिळालं. सकाळी मालकीणबाई दाराशी येऊन आधी आमच्या बुटांचे आतले अस्तर वाळले का ते बघायच्या, मग नाश्त्याचं विचारायच्या.

अशी घरगुती ठिकाणं आता कमी होत चालली आहेत, याचं वाईट वाटतं. या शतकाच्या सुरुवातीपासून ऑस्ट्रेलियन लोक इथे येऊ लागले, मग हाँगकाँग, सिंगापूरचे. जमिनीला भाव आले, हिराफूत काचेचे उंच बंगले उभे राहिले. तिथे काम करणाऱ्या मुलामुलींना परवडेल अशी खोली मिळणं कठीण झालं आहे. हिराफू ज्या गावात मोडतं त्या कुच्चानची वस्ती जेमतेम पंधरा हजारांची. त्या गावाने २०१९ मध्ये पाहुण्यांच्या बिलावर २ टक्के निवास कर लावला. मला तो योग्य वाटतो. रोज पहाटे रस्त्यावरचा बर्फ उपसायला यंत्रं लागतात, त्यांचा खर्च त्या बर्फासाठी येणाऱ्यांनी उचलायला नको का? राहायची जागा निवडताना आपला पैसा गावातल्या कुणाच्या हातात पडतो आहे, एवढं तरी बघावं.

सामानाचं फार अवडंबर करू नये. स्की आणि बूट तिथेच भाड्याने घ्यावेत. पावडरच्या स्की रुंद असतात, मधल्या भागात शंभर मिलिमीटर किंवा जास्त. त्या खाली न बुडता वर तरंगतात. इथून न्यायच्या त्या लोकरीच्या आतल्या कपड्यांच्या जोड्या आणि हातमोज्यांचे दोन जोड. गॉगलची काच मात्र विचार करून घ्यावी. दुकानात काळी काच छान दिसते, पण निसेकोत जानेवारीत सूर्य क्वचितच दिसतो; आकाश, उतार आणि पडणारा बर्फ सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं. फिकट पिवळ्या किंवा गुलाबी काचेतून जमिनीचा चढउतार ओळखू येतो. प्रवासविम्यातही स्कीइंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं. ते वेगळे पैसे भरून घालून घ्यावं आणि आखलेल्या उताराबाहेरच्या स्कीइंगला संरक्षण आहे का, ते शब्द स्वतः वाचावेत.

पहिल्या सकाळी शिक्षकाने आम्हाला रुंद उताराच्या कडेला नेलं, जिथे रात्री पडलेल्या बर्फाला यंत्राने हात लावला नव्हता. बर्फ गुडघ्याच्या वर. औलीत शिकलेली सवय अशी की वळताना बाहेरच्या पायावर भार द्यायचा. इथे तो दिला की ती स्की खाली जाते, दुसरी वर राहते आणि माणूस आडवा होतो. शिक्षक म्हणाला, दोन्ही पाय जवळ, दोन्हीवर सारखं वजन. घाबरून मागे झुकायचं नाही, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. आणि वेग कमी करायचा नाही. हे शेवटचं मनाला पटायला सगळ्यात जड. पण खरंच, थोडा वेग आला की स्कीची टोकं बर्फातून वर आली, गुडघे एका तालात वाकू-उठू लागले आणि पायांखालचा सगळा खरखराट थांबला. बर्फ छातीपर्यंत उडत होता, ओठांवर येऊन विरघळत होता. मी मोठ्याने ओरडले. मागून नवराही ओरडत आला. शिक्षकाने काठी उंचावून आम्हाला पुन्हा वर चलायची खूण केली.

ज्या वाऱ्याने हा बर्फ आणला तोच वारा वरच्या लिफ्ट बंद पाडतो, हे आखणी करताना फार कमी जण लक्षात घेतात. सगळ्यात जास्त बर्फ पडतो त्याच दिवशी माथा बंद असण्याची शक्यता जास्त. अशा दिवशी चारही रिसॉर्ट पालथे घालण्याचा बेत धरून बसलेला माणूस हिरमुसतो. आम्ही ते दिवस खालच्या झाडीत घालवले. तिथे पांढऱ्या खोडांचे भूर्ज विरळ उभे असतात, वाऱ्याला अडवतात, आणि त्यांच्या गडद रेषांमुळे धुक्यातही अंतर कळतं. झाडीत एकट्याने कधीही जायचं नाही. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याशी, फांद्यांनी बर्फ अडवल्यामुळे, वरून न दिसणारी पोकळी राहते. तिच्यात डोकं खाली, पाय वर असं कुणी पडलं तर स्वतःहून निघता येत नाही. सोबतचा माणूस हाकेच्या अंतरावर हवा, गळ्यात शिट्टी हवी.

आखलेल्या उतारांबाहेर जायचं असेल तर त्यासाठी डोंगरावर ठरावीक गेट आहेत. पूर्वी लोक हवे तिथून दोरीखालून बाहेर जात आणि हिमस्खलनात सापडत. बरेच जीव गेले. सरसकट बंदी घालून लोक थांबत नाहीत हे ओळखून इथल्या मंडळींनी 'निसेको नियम' तयार केले. बाहेर जायचं ते गेटमधूनच. गेट बंद असेल तर कुणीच जायचं नाही. दोरी ओलांडायची नाही. युनोसावा नावाची घळ कायमची निषिद्ध. बाहेरून कुणाला सोडवून आणावं लागलं तर खर्च ज्याचा त्याने भरायचा. रोज पहाटे अनुभवी माणसं वारा, बर्फाचे थर, तापमान बघतात आणि त्या दिवसाचं हिमस्खलनाचं पत्रक निघतं. नाश्त्याच्या टेबलावर पेन्शनच्या मालकांनी ते छापून ठेवलेलं असायचं. जगातल्या कितीतरी स्की-गावांनी हे शिकण्यासारखं आहे. माणसाला डोंगराचं स्वातंत्र्य द्यायचं आणि त्याच्यावर खऱ्या माहितीची जबाबदारीही टाकायची, हा फार मोठा विश्वास आहे.

खाण्याची चिंता शाकाहारी माणसाने आधीच करून ठेवावी. जपानी सुपांत, आमटीत, भाजीतसुद्धा माशाचा अर्क असतो. मांस नको म्हटलं तरी तो येतोच. आम्ही स्वयंपाकघर वापरू देणारी जागा मुद्दाम बघितली होती. कुच्चान बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे बटाट्याची कमतरता नाही. होक्काइडोत युमेपिरिका नावाचा तांदूळ पिकतो, शिजल्यावर मऊ आणि जरासा चिकट. त्या गुरगुट्या भातावर पुण्याहून नेलेलं मेतकूट आणि तिथलं ताजं लोणी. मालकीणबाईंनी चमचाभर चाखलं, मेतकुटाची पिशवी उलटसुलट करून पाहिली, काय काय घातलंय ते फोनवर भाषांतर करून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची वाटी घेऊन आल्या. निघताना उरलेलं सगळं मी त्यांच्याकडेच ठेवलं.

संध्याकाळी ऑनसेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरचं स्नानगृह. छोट्या स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ घासून घ्यायचं, मगच सामायिक कुंडात उतरायचं. कपडे घालून चालत नाही. संकोच दाराशी ठेवला की पुढे काही वाटत नाही. बाहेरच्या उघड्या कुंडात गळ्यापर्यंत गरम पाणी, डोक्यावर पडणारा बर्फ आणि शेजारी निवांत बसलेल्या ऐंशीच्या आजीबाई. दुसऱ्या दिवशी मांड्या पुन्हा कामाला येतात त्या या पाण्यामुळेच. म्हणून याची वेळ आखणीत हवी. रात्रीच्या स्कीइंगसाठी ती मोडू नये.

माथ्याचं गेट आम्ही तिथे असताना उघडलं. सकाळी आकाश फाकलं, वारा पडला, आणि वाटाड्या दाराशी हजर झाला. आम्ही त्याला दिवस मोकळा ठेवून, हवामान बघून ये असंच सांगून ठेवलं होतं. सर्वांत वरच्या लिफ्टनंतर स्की खांद्यावर घेऊन अर्धा तास चढण. वर पोचल्यावर समोर योतेइ, १८९८ मीटरचा, फुजीच्या घाटाचा ज्वालामुखी, पहिल्यांदाच पूर्ण दिसला. थिओडोर फॉन लेर्ख हा ऑस्ट्रियन अधिकारी १९११ साली निगाता भागातल्या ताकादाला जपानी सैनिकांना स्कीइंग शिकवत होता, तेही एकच लांब काठी घेऊन. पुढच्याच वर्षी तो हा योतेइ चढला. पश्चिमेला समुद्राची करडी पट्टी. आणि जिथे आम्ही उभे होतो त्या माथ्यावर दुसऱ्या महायुद्धात नाकायांची वेधशाळा होती. विमानाच्या पंखांवर बर्फ कसा धरतो हे अभ्यासायला एक झिरो लढाऊ विमान इथवर आणलं होतं. त्याचा एक पंख पुढे डोंगरात सापडला, तो कुच्चानच्या संग्रहालयात ठेवला आहे. स्फटिकाच्या आकाराने झपाटलेल्या माणसाला युद्धाने या कामाला लावलं, हे त्या वाऱ्यात उभं राहून ऐकताना घशात काहीतरी अडकलं. वाटाड्याने आमच्या छातीवरचे बीकन, म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायची यंत्रं, तपासले, एकेकाने उतरायचं असं बजावलं, आणि आम्ही निघालो.

परतीच्या प्रवासात सप्पोरोला एक मोकळा दिवस ठेवा. निसेको ते न्यू चितोसे विमानतळ बसने अडीच-तीन तास लागतात, जोराचा बर्फ असला तर आणखी. आणि त्याच बर्फाने विमानंही अडतात. टोकियोहून मुंबईचं विमान त्याच दिवशी धरायचा अट्टहास करू नये. सप्पोरोत त्या दिवशी भाज्या घातलेली तिथली प्रसिद्ध सूप करी खावी, आधी माशाच्या अर्काचं विचारून घ्यावं, आणि होक्काइडो विद्यापीठाच्या आवारात चक्कर मारावी, नाकायांच्या स्फटिकाची आठवण म्हणून तिथे दगड उभारला आहे.

पुढच्या खेपेला आमच्या वहिनी सोबत यायच्या म्हणतात. त्यांना या जानेवारीत आधी औलीच्या कोर्सला पाठवते आहे, आणि सिंहगडाचे रविवार गणपती झाल्यावर लगेच सुरू करायचे असं दोघींचं ठरलं आहे.